काकांचा ट्रायबँडर बीम: भंगारात द्यायचा की पुन्हा उभा करायचा? (सोलापूर)

माळवद · ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

साखर पेठेत आमचं जुनं घर आहे. माळवद पाडून स्लॅब टाकला तेव्हा काकांनी गवंड्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती: पश्चिमेच्या कोपऱ्यात कॉलमवर चार बोल्ट सोडून ठेव. १९८९ साली त्या बोल्टांवर दोन इंची जीआय पाइपाचा दांडा उभा राहिला आणि दांड्यावर तीन एलिमेंटचा (आडव्या नळ्यांचा) यागी, म्हणजे एका दिशेला रोख धरणारी रेडिओची अँटेना, बीम. २०, १५ आणि १० मीटर (१४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ), तिन्ही बँड एकाच बूमवर (मधल्या नळीवर), म्हणजे ट्रॅपवाला ट्रायबँडर. सगळा घरी केलेला. काका गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे हायलम (वीज न वाहणारं टणक साहित्य) आणि तांब्याच्या तारेची ददात नव्हती. एलिमेंटखाली इन्सुलेटर म्हणून काय लावलंय माहितीये? मोडीत निघालेल्या धोट्यांचं लाकूड, मेणात उकळून.

चार वर्षांपूर्वी काका सायलेंट की झाले. (हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, गेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणतात. मोर्सची की गप्प झाली.) तेव्हापासून बीम वर तसाच आहे. संक्रांतीचा मांजा, कावळे, ऊन. डायरेक्टर (पुढचा एलिमेंट) एका बाजूला झुकलाय. दांड्याला चारी बाजूंनी धरणाऱ्या चार ताणांपैकी एक तुटलाय. वावटळ आली की काकू खाली देवघरात जाऊन बसते, आणि खरं सांगतो, मीही वर बघत नाही. भंगारवाल्याने रस्त्यावरूनच मान वर करून "चौदा-पंधरा किलो भरंल" म्हणत दोन हजार सांगितले.

मी गेल्या वर्षी जनरल ग्रेडची परीक्षा दिली, मोर्ससकट. परवाना आलाय. काकांचं कॉलसाइन काही वारसाहक्काने मिळत नाही, तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसून नवं नाव सांगायचंय. शंभर वॉटचा एक जुना सेटही घेतलाय.

आता मुद्दा. मित्राचा नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) आणून खोलीतल्या केबलच्या टोकाला लावला. एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १४.२ मेगाहर्ट्झला १.४, २१.२ ला १.३, २८.५ ला १.५. शिवाय बँडभर जवळजवळ सपाट रेघ! म्हणजे इतकी वर्षं ऊन खाऊनही बीम ठणठणीत आहे असंच ना? ताण बदलून, बोल्ट आवळून, रंग मारला की झालं?

एक किरकोळ शंका. दांड्याच्या टोकाशी, बीमच्या हातभर खाली एक छोटी लोखंडी कप्पी आहे. दोरी नाही, काही नाही. ती कशासाठी असेल?

---

कडक_भाकरी · ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

काय मालक, दोन हजारात देऊन टाका आन त्यात शेंगाचटणी घिऊन वाटा की सगळ्यास्नी. कप्पी झेंड्यासाठी आसंल.

---

ओहमताई · १० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

माळवद, तुमचे आकडे चांगले आहेत म्हणूनच मला शंका येतेय.

ट्रॅपवाल्या बीमचा एसडब्ल्यूआर सपाट नसतो. तो दरीसारखा असतो. एका फ्रिक्वेन्सीला खाली येतो आणि बाजूला सरकलात की चढायला लागतो. विशेषतः २० मीटरवर, कारण ट्रॅपमुळे एलिमेंट आखूड झालेला असतो. तुम्हाला सपाट रेघ दिसतेय याचा अर्थ तुम्ही बहुधा अँटेना मोजतच नाही आहात. तुम्ही केबल मोजताय.

होतं असं की जुन्या केबलमध्ये पाणी शिरलं की ती जाताना निम्मी-अधिक शक्ती खाते. जे वर पोचतं त्यातलं काही अँटेनावरून परत फिरतं, आणि येताना त्यातलंही केबल खाते. खाली मीटरपाशी परतीचं जवळजवळ काहीच येत नाही. मीटर बिचारा म्हणतो, "काही परत आलं नाही, सगळं छान आहे."

वर जा (तुटका ताण आधी बांधा, मग जा), केबल अँटेनापासून सोडवा आणि टोक तसंच मोकळं ठेवून खाली मोजा. चांगल्या केबलचा आकडा आभाळाला भिडायला हवा. भिडला नाही तर परत लिहा.

---

लेथवाला · १० फेब्रुवारी, दुपारी १:१५

अक्कलकोट रोडला माझं छोटं वर्कशॉप हाय. रेडिओतलं मला कळत नाय, पर ॲल्युमिनियम कळतं. नळी सडत नसते हो. सडतो तो जोड. नळीच्या आत नळी घातलेली आसंल, तिथं पांढरी भुकटी धरून जाम झालेली आसंल. हातोडा मारू नका, नळी चेपली की गेली. उभं करून जोडात डिझेल सोडा, रातभर ठेवा. सकाळी बाहेरच्या नळीला हॉट एअर गननं गरम करा आन ओढायच्या आधी पिळा. ओढायचं नाय, पिळायचं. ज्योत लावली तर ध्यान ठेवा, ॲल्युमिनियम लाल होऊन सांगत नाय, एकदम खालीच बसतं.

रंगाचं नंतर बघू.

---

निरभ्र · १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

बाहेरचा प्रश्न विचारतो, रागावू नका. आता खिशात मोबाइल असताना हे कशाला? हौस म्हणून ठीक आहे, पण गच्चीवर जीव टांगून?

---

ओहमताई · १० फेब्रुवारी, रात्री १०:०२

रागवत नाही. हौस आहे हे खरंच. पण १९९३ चा लातूरचा भूकंप आणि २००१ चा गुजरातचा, दोन्ही वेळा हॅम लोकांनी निरोप पोचवले होते. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात हॅमची एक तुकडी आधीच पोचलेली होती, छंदासाठी गेलेली, आणि पोर्ट ब्लेअरहून तिनेच बाहेर संपर्क ठेवला. मधला टॉवर पडला की मोबाइल म्हणजे टॉर्च. इथे मधे कोणी नसतंच. तुमची तार, समोरच्याची तार आणि वरचं आयनावरण (रेडिओलहरी परत खाली पाठवणारा हवेचा उंचावरचा थर).

---

माळवद · १६ फेब्रुवारी, रात्री ११:३०

ओहमताई, दंडवत.

वर केबल मोकळी सोडून खाली मोजलं. १४.२ ला एसडब्ल्यूआर २. एकवीसला १.७. आणि अठ्ठावीसला १.५. म्हणजे २८ ला अँटेना जोडली काय आणि सोडली काय, आकडा तोच! एक आठवडा मी पेठेत कॉलर ताठ करून फिरत होतो.

---

ओहमताई · १७ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

आता हिशेब करू. टोक मोकळं असताना सगळी शक्ती परत फिरते. एसडब्ल्यूआर २ म्हणजे परतीचं नुकसान साडेनऊ डेसिबल. हे जाऊन-येऊन आहे, म्हणून एकेरी ४.८ डेसिबलच्या आसपास. शंभर वॉट सोडलेत तर वर ३३ पोचतात. अठ्ठावीसला एकेरी ७ डेसिबल, म्हणजे वर फक्त २०. ३० मीटर चांगली आरजी-२१३ केबल असती तर १४ मेगाहर्ट्झला एक डेसिबलच्या आत नुकसान झालं असतं आणि ऐंशीच्या वर वॉट पोचले असते. ऐकतानाही तेवढंच बुडतं हे विसरू नका.

त्यावरून तुमच्या बीमचा खरा आकडाही निघतो. २० आणि १५ ला तीनच्या आसपास. १० ला तो अँटेना नाहीच. म्हणजे वरही काम आहे.

केबलचं वरचं टोक हातभर कापून बघा आणि काय दिसतं ते सांगा.

---

माळवद · १७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

जाळी काळी. आतल्या पांढऱ्या इन्सुलेशनला हिरवट रंग. दुसरा हातभर तुकडा कापला, तरीही काळी. तिसरा कापून थांबलो. केशिकेसारखं पाणी जाळीतून खाली ओढत गेलंय.

---

खारे_वारे · १८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

रत्नागिरीहून. तुमचा बीम पस्तीस वर्षं टिकला याचं श्रेय सोलापूरच्या कोरड्या हवेला द्या. माझा सात वर्षांत गेला. ॲल्युमिनियमच्या नळीवर थेट पितळी बोल्ट लावले होते, खाऱ्या हवेत त्या दोन धातूंची बॅटरीच तयार झाली आणि भोकाभोवतीची नळी पिठासारखी गळाली. काकांनी काय वापरलंय?

---

माळवद · २ मार्च, रात्री १२:२०

बीम खाली उतरवला. चार जणांनी, दोन तासांत, एक कुंडी फोडून.

@खारे_वारे: साधे गंजके लोखंडी बोल्ट, पण प्रत्येक जोडात ग्रीसचा जाड थर. उघडल्यावर आतली नळी चकचकीत. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) मात्र तांब्याचा लग थेट ॲल्युमिनियमवर होता आणि तिथे तुमच्यासारखंच पीठ.

तिथेच आणखी एक फजिती. फीडपॉइंटवर मल्टिमीटर लावला तर "टूंऽऽ". शॉर्ट! अर्धा दिवस शॉर्ट शोधण्यात घालवला. नंतर लक्षात आलं की मधे तारेचा एक लांब चिमटा आहे, हेअरपिन मॅच. डीसीला तो शॉर्टच दिसणार, रेडिओ फ्रिक्वेन्सीला ती कॉइल आहे. परीक्षेला हे पाठ केलं होतं मी. पण गच्चीवर चढल्यावर पाठांतर खाली जिन्यातच राहतं.

जोड लेथवालेंच्या कृतीने सुटले. डिझेल, रात्र, गरम हवा, पीळ. बारापैकी एकच अडला, तो त्यांच्या वर्कशॉपवर नेला. पैसे घेतले नाहीत, दोन चहा घेतले.

खरी मजा ट्रॅपमध्ये. बारा आहेत, प्रत्येक एलिमेंटवर चार. ट्रॅप म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर समांतर, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला तो दार बंद करतो आणि पलीकडची नळी जणू नाहीच. खालच्या बँडवर दार उघडं, वर कॉइलमुळे एलिमेंटची लांबीही वाचते. काकांनी कॉइल हायलमच्या दांड्यावर गुंडाळलीय आणि बाहेरची ॲल्युमिनियमची नळी हाच कपॅसिटर. प्रत्येकाला खालच्या बाजूला पाणी गळायला बारीक भोक. आणि बारापैकी सात भोकं कुंभारीण माशीने मातीने लिंपलेली! इतकं पक्कं काम की माझ्या गवंड्याला शिकवावं. पाणी आत, बाहेर यायला वाट नाही. दोन ट्रॅपमध्ये हायलमवर काळी रेघ जळलेली. १० मीटरचे ते दोन्ही.

---

कडक_भाकरी · २ मार्च, सकाळी ७:०१

तरी मी म्हणलं सोलापुरात इतकं पक्कं बांधकाम कोन करायलाय.

---

ओहमताई · २ मार्च, सकाळी ७:३०

जळलेली रेघ म्हणजे कोळसा, आणि कोळसा वीज वाहतो. ते दोन दांडे घासून वाचवू नका, नवे करा. बाकीचे दहा उन्हात वाळवा, मग एकेक तपासा: व्हीएनएला दोन वेढ्यांची तार लावून ट्रॅपच्या कॉइलजवळ धरा, जिथे खड्डा दिसेल ती त्याची फ्रिक्वेन्सी. आणि कृपा करून प्रत्येकावर खूण करा. कुठल्या एलिमेंटचा, डावा की उजवा, आतला की बाहेरचा.

नळ्या घासताना लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे कण रुततात आणि पुढच्या पावसात गंजाचे ठिपके. हिरवा स्क्रबर पुरतो. घासल्या-घासल्या लगेच पेस्ट लावून जोडा. वीजवाले ॲल्युमिनियमच्या जोडांना लावतात ती काळसर पेस्ट. ॲल्युमिनियमवर हवेत काही क्षणांत पुन्हा ऑक्साइड धरतं आणि ते वीज वाहत नाही.

---

लेथवाला · २ मार्च, दुपारी १:४०

हायलमचे दोन दांडे मी काढून देतो, माप पाठवा. बोल्ट आता स्टेनलेसचे घ्या, पर कोरडे आवळू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की मधेच वेल्डिंग झाल्यागत धरतं, मग कापूनच काढावं लागतं. जरा ग्रीस लावा.

रंगाचं राहिलं होतं. नळीला मारा हवा तर, जोडाच्या आत जाऊ देऊ नका.

---

माळवद · २९ मार्च, रात्री १०:१५

ट्रॅप वाळवायला ओव्हनची गरज पडली नाही. स्लॅबवर एका धोतरावर काकूच्या कुरडया, दुसऱ्यावर माझे ट्रॅप. तिसऱ्या दिवशी काकूने विचारलं, "तुझे झाले का वाळून? मला जागा लागतीय."

केबलची कथा मात्र कडू आहे. दुकानाचं नाव घेणार नाही. "शुद्ध तांबं, आरजी-२१३" म्हणून तीस मीटर घेतली, घरी येऊन टोक सोललं. आरजी-२१३ ला आत तांब्याच्या सात तारा असतात, इथे एकच जाड तार निघाली. ब्लेडने खरवडली तर आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. परत घ्यायला नकार, "कापलेला माल आहे". तेव्हा केबल घेताना दुकानातच टोक सोलून, खरवडून बघा. शेवटी पुण्याहून मागवली. या सगळ्या उद्योगात सगळ्यात महाग वस्तू तीच.

आज स्लॅबवर बीम जोडून मोजला. ओहमताईंनी खासगी निरोपात सांगितलं होतं तसा बूम उभा करून, रिफ्लेक्टर (मागचा एलिमेंट) खाली आणि डायरेक्टर आभाळाकडे. म्हणजे गच्चीवरच, कमी उंचीवर अंदाज येतो. २० मीटर छान, १४.१५ ला दरी. १५ मीटर गायब. १० मीटरची दरी भलतीकडेच. खुणा केल्या होत्या हो मी! खडूने. आणि नंतर नळ्या धुतल्या.

---

ओहमताई · ३० मार्च, सकाळी ६:४०

खडूने.

ड्रिव्हन एलिमेंटच्या (मधला, केबल जोडलेला) एका बाजूला ट्रॅपची अदलाबदल झालीय. मधून बाहेर जाताना आधी १० चा ट्रॅप, मग १५ चा. वरचा बँड आत, खालचा बाहेर. आता खूण नळीवर कोरा.

---

माळवद · ३० मार्च, रात्री ८:५०

डाव्या बाजूला उलटे होते. बदलले. तिन्ही दऱ्या जागेवर. मार्करने लिहिलं आणि वर खिळ्याने कोरलंसुद्धा. कोरायला नळी हातात घेतली तर तिथे आधीच बारीक अक्षरं होती: "ड्रि. डा. १०", म्हणजे ड्रिव्हन, डावा, १० मीटर. काकांनी सगळ्या बारा ट्रॅपवर कोरून ठेवलंय. ऑक्साइडखाली होतं, मी घासून पेस्ट लावली पण वाचलं नाही.

---

निरभ्र · ३१ मार्च, सकाळी ९:००

बाहेरचा माणूस पुन्हा आलाय. रोज सकाळी आधी हा धागा उघडतो. उभा कधी करताय?

---

ओहमताई · ३१ मार्च, दुपारी ४:१०

उभा करायच्या आधी एक गोष्ट, आणि इथे मी चेष्टा करणार नाही. दांडा पायातून निसटून कुठल्याही दिशेला आडवा पडला, तर त्याच्या पूर्ण उंचीच्या आणि अर्ध्या एलिमेंटच्या टप्प्यात विजेची एकही तार असता कामा नये. पेठेत तारा गच्चीला घासून जातात. टप्प्यात येत असेल तर दांड्याची जागा बदला, नाहीतर उंची कमी करा. वारा असेल तर तो दिवस सोडा. आणि वळवाच्या आधी अर्थिंग. दांड्यापासून सरळ, वळणं न घेता तांब्याची जाड पट्टी खाली जमिनीत. ढग गडगडले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर. अर्थिंग आहे म्हणून सेट जोडून ठेवायचा नाही.

---

कडक_भाकरी · ३१ मार्च, सायंकाळी ६:३०

मालक, होटगी रोडला ऱ्हात नाय ते बरंय. विमानासाठी १५ जून २०२३ ला कारखान्याची चिमणी पाडली, तुमच्या दांड्याचं काय घिऊन बसलाव.

आन दांडा उभा करायला पोरं मी आणतो. आमच्या गल्लीतली चौघं गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाचा सराव करतेत. उभी काठी कशी सांभाळायची हे त्यास्नी शिकवायचं नाय.

---

माळवद · १४ एप्रिल, रात्री ११:५५

उभा राहिला!

तारेचं मोजलं. पूर्वेच्या बाजूला टप्प्यात येत होती, म्हणून दांड्याचा वरचा पाच फुटांचा तुकडा काढून टाकला आणि कप्पी खालच्या पाइपावर घेतली. आता स्लॅबसकट जमिनीपासून साधारण ३८ फूट. २० मीटरला अर्धी तरंगलांबी म्हणजे ३३ फूट, तेवढी उंची मिळतेय, तक्रार नाही.

कडक_भाकरीची पोरं पहाटे साडेपाचला आली, वारा उठायच्या आत. त्यांच्यातला एक, चणीने सगळ्यात लहान, त्याने कुणालाही बोलू दिलं नाही. ताण धरायला चौघे चार कोपऱ्यांत. तो दांड्याच्या पायाशी, मान वर, नजर टोकाला. "हातातल्या तारेकडं बघू नका. टोकाकडं बघा. टोक सांगतंय कुणी सोडायचं आन कुणी वढायचं." मी ओळंबा काढला तर हसला. दांडा सरळ झाल्यावर ओळंबा लावून बघितला, सुताचा फरक नव्हता. बीम बोल्टात बसला तेव्हा त्यांनी "हर्र बोला हर्र" केलं आणि शेजारच्या मागवाल्या मामी तेलुगूत काहीतरी ओरडत बाहेर आल्या. नंतर त्यांनीच सगळ्यांना उप्पीट दिलं.

फीडपॉइंटशी केबलचेच आठ वेढे घेऊन चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवायला) केलाय. जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप, वर साधी टेप, आणि केबल खाली वळवून पुन्हा वर नेलीय, म्हणजे पाणी वळणावरून गळून जाईल.

एसडब्ल्यूआर १४.१५ ला १.२, बँडच्या टोकांना १.९. एकवीसला १.३. अठ्ठावीसला १.४. आणि सगळीकडे दरी! इतका वाकडा ग्राफ बघून मला आयुष्यात कधी आनंद झाला नव्हता.

---

माळवद · १५ एप्रिल, रात्री ९:४०

संध्याकाळी बीम दोरीने वायव्येला वळवला (रोटेटर नाही, काकांचाच दोरीचा जुगाड), १४ मेगाहर्ट्झ, सीक्यू (कुणी ऐकतंय का, अशी हाक) दिला. तिसऱ्या हाकेला इटली. ५-९, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार. त्याने विचारलं, अँटेना काय आहे. मी सांगितलं, काकांनी केलेली, १९८९ ची, इन्सुलेटर हातमागाच्या... आणि धोट्याला इंग्रजीत काय म्हणतात तेच आठवेना. "वुड" म्हणून सोडून दिलं.

---

खारे_वारे · १५ एप्रिल, रात्री १०:१२

अभिनंदन! गोंगाट किती आहे? पेठ म्हणजे यंत्रमाग.

---

माळवद · १५ एप्रिल, रात्री १०:३०

भरपूर. दिवसा मीटरची सुई एस-७ वर टेकलेलीच. मागांच्या मोटारी, त्यात प्रत्येक घरात स्वस्त एलईडी. काल लाइट गेली, अख्खी गल्ली उसासे टाकत होती, आणि मी बॅटरीवर सेट लावून बसलो होतो. सुई एस-१ वर! जपान, ऑस्ट्रेलिया, सगळं शेजारच्या खोलीत बोलल्यासारखं. लाइट आल्यावर वाईट वाटणारा पेठेत मी एकटाच.

---

निरभ्र · १६ एप्रिल, सकाळी ८:२०

आणि ती कप्पी?

---

माळवद · १६ एप्रिल, सकाळी ९:०५

काकूला विचारलं. म्हणाली, "दिवाळीत तुझे काका आकाशकंदील चढवायचे." सुटलं कोडं.

---

माळवद · २१ जून, रात्री १२:१०

धागा वर काढतोय. कोडं सुटलेलं नव्हतं.

पावसात माळ्यावर गळत होतं म्हणून ट्रंका हलवल्या, त्यात काकांच्या लॉगबुकच्या अकरा वह्या सापडल्या. १९८९ ते ९१ च्या वह्या भरगच्च. सूर्यावरचे डाग तेव्हा जोरात होते, १० मीटरवर रोज पाच-सहा देश. मग हळूहळू विरळ. मी अर्थातच १९९३ ची वही आधी काढली.

३० सप्टेंबर, पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप. इथे सोलापुरातही भांडी वाजली होती, मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. काकांची पहिली नोंद सकाळी ६:२०. पुढे चार दिवस पानंच्या पानं. नाव, गाव, "सुखरूप", "दवाखान्यात", "शोध नाही". अक्षर शेवटी-शेवटी वाचता येत नाही. पण बँडचा रकाना बघितला आणि थांबलो. सगळीकडे ७ मेगाहर्ट्झ. एकाही ओळीत १४ नाही, २१ नाही.

बीम ७ मेगाहर्ट्झवर चालतच नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने दांड्याचं चित्र आहे. कप्पीपासून दोन तारा उतरत दोन कोपऱ्यांकडे, प्रत्येकीवर "३३ फू.", आणि खाली लिहिलंय, "कंदिलाची दोरी हीच."

---

ओहमताई · २१ जून, सकाळी ६:३५

उलटा व्ही. ४० मीटरचा साधा डायपोल, मधला बिंदू वर, टोकं खाली. तारेची लांबी फुटांत: ४६८ भागिले ७.१ मेगाहर्ट्झ, सहासष्ट फूट, अर्धे ३३.

आणि किल्लारीसाठी तोच हवा होता. तुमचा बीम शक्ती क्षितिजाकडे फेकतो, ती हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडे उतरते. किल्लारी सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर, बीम तिच्या डोक्यावरून गेला असता. खाली टांगलेली ४० मीटरची तार दिवसा बरीच शक्ती सरळ वर फेकते आणि आयनावरण ती छत्रीसारखी आसपासच्या जिल्ह्यांवर परत टाकतं.

---

लेथवाला · २१ जून, दुपारी १:३०

म्हंजे इतकी खटपट केली तो बीम त्या दिशी गप्पच होता म्हणा की.

---

माळवद · २८ जून, रात्री १०:५०

हो. परवा घरातल्या फुटकळ वायरीतून व्ही ताणला. तार, दोन अंडाकृती इन्सुलेटर, नायलॉनऐवजी काळी पॉलिएस्टर दोरी (ऊन लागून नायलॉन दोन वर्षांत भुसभुशीत होतं, जुन्या ताणावर बघितलं). कप्पीला तेल घातलं, फिरली. ३३ फूट दोन्हीकडे, मग जेमतेम वीतभर कापत आणलं, ७.१ ला १.३. सगळा खर्च चारशेच्या आत. सकाळी लावला तर कोल्हापूर, नांदेड, हुबळी, सगळे एकदम खोलीत.

---

कडक_भाकरी · २८ जून, रात्री ११:०२

मंग भंगारवाल्याला काय सांगितलाव?

---

माळवद · २८ जून, रात्री ११:२०

जुनी केबल दिली. तांब्याच्या भावात.

---

माळवद · १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

एक तातडीचा प्रश्न. काकूने कंदील आणलाय आणि कप्पी मोकळी करून मागतेय. तिचं म्हणणं, चार वर्षं तिथे कंदील चढला नाही, यंदा चढणार. मी म्हटलं दोरी एकच आहे, व्ही खाली येईल. म्हणाली, "त्यांनी दोन्ही चढवलेत एका दोरीवर, मी खाली धरून उभी असायची." त्यामुळे चढवणार हे ठरलं. फक्त कंदिलात तिने एलईडीची माळ घातलीय, आणि ती नेमकी ४० मीटरच्या फीडपॉइंटपासून दीड फुटावर येतेय. गोंगाट किती वाढेल?

---

ओहमताई · १२ ऑक्टोबर, रात्री ९:३२

खूप. साधा पंधरा वॉटचा बल्ब लावा.

---

माळवद · १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

माळ्यावर काकांच्या ट्रंकेत सहा सापडले. पंधरा वॉटचेच.